परसातली काच

दोन-तीन दणदणीत पाऊस झाले की जुन्या घरांच्या परसात काच वर येते. माती वाहून जाते आणि कर्दळीच्या बुडाशी, मोरीच्या तोंडाशी, पडक्या भिंतीलगत काहीतरी चमकायला लागतं. घरातलं कुणीतरी तो तुकडा चिमटीत उचलतं, पोरांच्या पायाला लागू नये म्हणून कुंपणापलीकडे टाकतं आणि विसरून जातं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘पायाखालचं’ हा विषय कळवला, तेव्हा साताऱ्याच्या जुन्या पेठेतलं माझ्या मावशीचं घर पाडायला निघालं होतं. पुढे ओसरी, मागे परस. परसात आड, आडाशेजारी धुण्याचा दगड, टोकाला गोठा आणि गोठ्यामागे उकिरडा असं ते घर. गुरं जाऊन जमाना झाला, आडावर जाळी बसली, पण परसाची माती कुणी उपसली नव्हती. मावशीला फोन करून विचारलं, थोडं खणून बघू का? “बघ की. पण सोनंनाणं काही निघायचं नाही गं, काचाच निघतील,” ती म्हणाली.

मला काचाच हव्या होत्या. घराचे कागद मी पाहिले होते. त्यांत खरेदीखतं होती, वाटणीपत्रं होती, सावकाराच्या पावत्या होत्या. नावं सगळी पुरुषांची, हिशेब सगळा जागेचा आणि पैशांचा. त्या घरात रोज काय जळत होतं, कोण आजारी पडत होतं, बायकांच्या हातात काय होतं, पोरं कशाशी खेळत होती, यातलं एक अक्षर कागदांत नव्हतं. ते सगळं परसात होतं.

काच फेकली जात नव्हती

परसात काच कशी येते, हे आधी समजून घ्यायला हवं. आज रिकामी बाटली हा कचरा आहे. दोन पिढ्यांपूर्वी तशी स्थिती नव्हती. बाटली घरात आली की ती घरातलं भांडं व्हायची. विलायती औषध संपलं की तिच्यात खोबरेल, मग एरंडेल, मग रॉकेल. सरकारी दवाखान्यात जाताना बाटली घरूनच न्यावी लागे. कंपाउंडर तिच्यात लाल किंवा पांढरं मिक्श्चर ओतायचा आणि डोस कळावेत म्हणून कडेला खाचा कातरलेली कागदाची पट्टी खळीने चिकटवायचा. ज्या घरात बाटली नसे, ते घर शेजारून मागून आणी.

त्यामुळे परसात अखंड बाटली क्वचित मिळते. फुटली तरच बाटली मातीत जायची, आणि फुटल्यावरही तिला कामं असायची. सुतार काचेच्या धारेने लाकूड तासून गुळगुळीत करायचा. संक्रांत जवळ आली की पोरं काच कुटून, वस्त्रगाळ करून मांजा सुतायची. कुंपणाच्या भिंतीवर चुन्यात किंवा सिमेंटात काचा उभ्या रोवल्या जायच्या. घुशींनी जोत्याला बिळं पाडली की त्यांत काचा ठासून वरून चुना लिंपायचा.

मावशीच्या परसात जोत्याच्या एका कोपऱ्यात असाच काचांचा गठ्ठा लागला. निरनिराळ्या रंगांच्या, जाड-पातळ अशा काचा चुन्यात घट्ट बसलेल्या. पहिल्यांदा वाटावं, इथे बाटल्यांचं दुकान होतं की काय. मावशीने बघताक्षणी सांगितलं, “घुशीचं बीळ आहे ते. आमचे मामंजी दर उन्हाळ्यात बुजवायचे.” म्हणजे या काचा एकाच काळातल्या असण्याचं कारण नव्हतं. घरभर साठलेल्या फुटक्या काचा एका दिवशी एका भोकात गेल्या होत्या.

पुरातत्त्वाचा एक साधा नियम इथे कामी येतो. मातीच्या एखाद्या थराचं वय त्यातल्या सगळ्यांत नव्या वस्तूवरून बांधायचं. शंभर वर्षांपूर्वीची बाटली आणि बॉलपेनचं टोपण एकाच थरात शेजारी पडलं असेल, तर तो थर बॉलपेनच्या काळातला किंवा नंतरचा. बाटली तोवर घरात वापरात होती, एवढंच त्यातून कळतं. आणि तेही कळण्यासारखंच आहे.

धुण्याच्या दगडापाशी

सगळ्यांत जास्त तुकडे बांगड्यांचे निघाले, आणि ते परसभर सारखे विखुरलेले नव्हते. धुण्याच्या दगडाभोवती आणि भांडी घासायच्या जागेजवळ त्यांची दाटी होती. कारण उघड आहे. बांगडी फुटायची ती धुणं आपटताना, पितळी घागर उचलताना, बंबात लाकडं सारताना. हात जिथे राबले, तिथे तुकडे पडले. दगड कधीच हलवला गेला असता, तरी तुकड्यांच्या दाटीवरून त्याची जागा दाखवता आली असती.

तुकडे पाण्यात धुऊन उन्हात ठेवले. बहुतेक हिरवे, काही लाल, काही निळे, काही काळे. काळी दिसणारी काच उजेडाकडे धरली की पुष्कळदा काळी राहत नाही. गडद जांभळी किंवा गडद हिरवी निघते. काचेत रंग धातूंच्या क्षारांनी येतो. वाळूत लोह जात्याच असतं, म्हणून काहीही न घातलेली साधी काच हिरवट निघते. तांब्याने निळसर-हिरवा, कोबाल्टने गर्द निळा, मँगनीज जास्त झालं तर जांभळा रंग चढतो. बांगडीच्या तुकड्याची आतली बाजू भिंगाखाली पाहिली तर एखाद्या तुकड्यावर किंचित जाड, मुरगळलेली जागा दिसते. काचेची तार गोल वळवून तिची टोकं आचेवर जोडली, तो हा सांधा.

महाराष्ट्रात काचेच्या बांगड्या किती जुन्या आहेत, हे उत्खननांनी दाखवलं आहे. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला १९४५-४६मध्ये डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं, पुढे १९५०च्या दशकात प्रवरेकाठी नेवाशाला. दोन्ही ठिकाणी मध्ययुगीन थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. त्यांत एका रंगावर दुसऱ्या रंगाची काच चढवलेल्याही होत्या. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी अशा तुकड्यांचा आयुष्यभर पाठपुरावा केला आणि भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९६९मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. राजवाड्यांतल्या झुंबरांइतकंच मोल त्यांनी उकिरड्यातल्या बांगडीला दिलं, म्हणून आज आपल्याला हे बोलता येतं.

मावशीच्या परसातल्या बांगड्या त्या मानाने कालच्या. विसाव्या शतकाच्या आरंभी कासाराच्या पेटीत ऑस्ट्रिया-हंगेरीचा माल मोठ्या प्रमाणावर असे. जपानचाही येऊ लागला होता. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल थांबला आणि आग्र्याजवळच्या फिरोजाबादेतल्या भट्ट्यांना बाजार मिळाला. आज आपल्याकडे हातात जाणारी काचेची बांगडी बहुतेक करून तिथलीच असते. साताऱ्यातल्या एका परसाला, बोहेमियातल्या भट्टीला आणि फिरोजाबादच्या गल्लीला जोडणारा हा व्यवहार कासार घरोघरी हिंडून करत होता. श्रावणात, लग्नात, डोहाळजेवणाला तो यायचा, तेव्हा ओसरीवर बसून सगळ्या बायका हात पुढे करायच्या. त्याच्या वहीत नसेल इतकी नोंद या मातीत आहे.

काही तुकडे मात्र गोठ्याच्या पायरीपाशी मिळाले, आणि ते सगळे साधारण एकाच लांबीचे होते. मावशी हसली. “आमचं काचापाणी!” मुठीतले तुकडे जमिनीवर टाकायचे आणि दुसऱ्याला धक्का न लावता एकेक तुकडा बोटाने अलगद वेगळा करायचा. हा मुलींचा खेळ. फुटक्या बांगडीला घरात मिळालेलं हे शेवटचं काम.

बाटलीच्या कडेची रेघ

बांगड्यांनंतर बाटल्यांचे तुकडे. त्यांत उपयोगी पडतात ती तोंडं आणि बुडं. मधल्या पोटाचा तुकडा फारसं सांगत नाही.

बाटली दोन अर्ध्या साच्यांत फुंकली जाते, तेव्हा सांध्याची बारीक रेघ दोन्ही कडांना उमटते. ही रेघ बोटाने वर वर चाचपत न्यायची. ती मानेवर मध्येच थांबत असेल, तर बाटलीचं अंग साच्यात फुंकलं आणि तोंड नंतर हाताने घडवलं असं समजायचं. रेघ ओठाच्या टोकापर्यंत अखंड जात असेल, तर सगळी बाटली यंत्राने काढलेली. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांनी १९०३मध्ये बाटल्यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र उभं केलं, आणि पुढच्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांतून तोंडाने फुंकलेली बाटली हटत गेली. बुडाशी खरखरीत गोल वण असेल तर आणखी मागे जावं लागतं. तिथे कारागिराने तप्त बाटली लोखंडी सळईवर तोलून धरलेली असते आणि सळई तोडून काढल्याचा तो वण.

परदेशी संग्राहकांची पुस्तकं या खुणांवरून सन सांगतात. आपल्या परसात ते तसंच्या तसं लावलं तर फसायला होतं. आपल्याकडे तोंडाने फुंकायचं काम यंत्र आल्यानंतरही कित्येक दशकं चालू होतं, कारण भट्टी लहान, मजुरी कमी आणि यंत्र महाग. मानेवर थांबलेली रेघ बर्मिंगहॅमच्या परसात १९१०च्या आधीचा काळ सुचवेल. साताऱ्यात तीच रेघ स्वातंत्र्यानंतरच्या बाटलीवरही असू शकते. त्यामुळे एका खुणेवर न थांबता रंग, जाडी, अक्षरं, शेजारच्या वस्तू हे सगळं एकत्र मांडावं लागतं.

मोरीजवळ गर्द निळ्या काचेचा तुकडा मिळाला. सहा बाजूंच्या बाटलीची एक बाजू, तिच्यावर उभ्या कंगोऱ्यांच्या ओळी. ही विषारी द्रव्याची बाटली. बाहेरून लावायची जंतुनाशकं, अर्क वगैरे अशा बाटल्यांत येत. रात्री अंधारात, दिवा लावायच्या आधी, चाचपडणाऱ्या हाताला कंगोरे लागावेत आणि हे पोटात घ्यायचं औषध नाही हे कळावं, म्हणून ही घडण. विजेच्या आधीच्या घरात अंधार किती खरा होता, हे त्या तुकड्यावरून बोट फिरवलं की समजतं.

जमिनीत राहिलेल्या काही काचांवर इंद्रधनुषी झाक चढली होती. तो मुलामा नव्हे. ओल्या मातीत काचेतला सोडा झिरपून बाहेर जातो, पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रे सुटतात आणि त्यांतून परतणारा उजेड रंगांत फुटतो. ही काच घासून लख्ख करायची नाही. पापुद्रे गेले की खूणही गेली.

गोटी अडकलेली मान

आडाच्या कठड्याबाहेर जाड, फिकट निळसर-हिरव्या काचेची एक मान निघाली. मानेला दोन बाजूंनी खोलगट चिमटे काढलेले. पेठेतल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला ती दाखवली की ते ‘गोटी सोडा’ म्हणून लगेच ओळखतात.

ही बाटली हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची. सोडावॉटरमधला वायू बुचाला ढकलून द्यायचा. बूच ओलं राहून फुगलेलं असावं म्हणून त्याआधीच्या काही बाटल्या गोल बुडाच्या करत, म्हणजे त्या आडव्याच ठेवाव्या लागत. कॉडने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर उपाय शोधला आणि १८७२मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ओठाच्या आत रबरी कडं, मानेत काचेची गोटी. बाटली उलटी धरून दाबाखाली भरायची. गोटी कड्यावर येऊन बसते, आणि बाटली सुलटी केली तरी आतला वायूच तिला वर दाबून धरतो. ज्या दाबाने बूच उडायचं, त्याच दाबाने आता तोंड बंद राहिलं. प्यायच्या वेळी लाकडी ठोकळ्याने गोटी आत ढकलायची. बाटली तिरकी केली की गोटी चिमट्यापाशी अडते आणि सोडा मोकळा वाहतो.

यॉर्कशायरमधल्या बार्न्सलीला डॅन रायलंड्स यांच्यासारख्या कारखानदारांनी या बाटल्या मोठ्या संख्येने केल्या, आणि साम्राज्यात जिथे जिथे छावण्या होत्या तिथे त्या पोचल्या. सोडा भरायचं यंत्र छोटं, हाताने फिरवायचं. त्यामुळे सोड्याचा कारखाना तालुक्याच्या गावीही निघू शकला. इंग्लंडात क्राऊन बूच आल्यावर ही बाटली मागे पडली. भारतात आणि जपानात ती टिकली. उत्तर प्रदेशात हाथरसजवळच्या सासनीला तिचं उत्पादन पुढेही चालू राहिलं.

आपल्याकडच्या कित्येक पोरांनी गोटीसाठी ही बाटली फोडली आहे. दंगलींच्या बातम्यांत तिचा वेगळाच उपयोग वाचायला मिळे. हलवून फेकलेली भरलेली बाटली स्फोटासारखी फुटायची, म्हणून मुंबईच्या गिरणगावात दगडांबरोबर सोडावॉटरच्या बाटल्याही चालत. मावशीच्या आडापाशी मिळालेली मान मात्र कुठल्या तरी उन्हाळ्यातल्या दुपारची. सोडा गार व्हावा म्हणून बाटल्या बादलीत घालून आडात सोडायची या घराची रीत होती, असं मावशी सांगते. एखादी वर काढताना कठड्यावर आपटली असेल.

एका पैशाची भट्टी

उकिरड्याच्या जागी सगळ्यांत खाली आणि सगळ्यांत वर, दोन्हीकडे एकच काच होती. मिलिमीटरभर जाडीची, रंगहीन, हलका बाक असलेली. ही कंदिलाची काच. घराच्या माळ्यावर गंजलेला प्रभाकर कंदील अजून आहे. तुकडे त्याच्या पिंजऱ्याला लावून पाहिले, तर बाक तंतोतंत जुळतो.

दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसणं हे घरातल्या मुलांचं काम. काच उतरवायची, आत फुंकर घालायची, राखेने किंवा कागदाने काजळी काढायची. मोठ्यांचा हात आत जात नाही, म्हणून लहान हात. गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकायची, आणि तडकली की घरात बोलणी बसायची. उकिरड्यातला एकेक तुकडा म्हणजे कुणीतरी खाल्लेली बोलणी.

थेंबाने काच तडकते यामागे भट्टीतली गोष्ट आहे. वाळू, सोडा आणि चुना सुमारे चौदाशे-पंधराशे अंशांवर वितळवून कारागीर फुंकणीच्या टोकाला रस घेतो आणि साच्यात फुंकतो. ती काच लगेच उघड्यावर ठेवली तर बाहेरून आधी आणि आतून नंतर निवते, आणि दोहोंत ताण राहून जातो. म्हणून तिला वेगळ्या भट्टीत सावकाश निववावं लागतं. हे निववणं नीट झालं नसेल तर काच दुकानात चांगली दिसते आणि स्वयंपाकघरात दगा देते. पत्र्याचा सांगाडा, टाकी, वात हे सगळं गावातला लोहारही जुळवेल; कंदिलाची खरी परीक्षा काचेत होती. म्हणूनच ती काच बराच काळ जर्मनी आणि ऑस्ट्रियातून यायची.

ती इथे करायचा ध्यास ज्या माणसांनी घेतला, त्यांत अंताजी दामोदर काळे यांचं नाव पहिलं घ्यायला हवं. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत, ही त्यांची कल्पना. पैसा फंडासाठी ते गावोगाव हिंडले. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. त्या पैशांतून १९०८मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. जपानात आणि अमेरिकेत काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे प्रमुख झाले. हा कारखाना शाळाही होता. तिथे शिकलेल्या मुलांनी देशभरच्या भट्ट्यांत काम केलं, आणि स्वतः वार्ष्णेय यांनी पुढे उत्तर प्रदेशात बहजोईला कारखाना काढला. एका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या उद्योगाचं इतकं दूरवर पोचलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

१९१४मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मनी-ऑस्ट्रियाचा माल एकाएकी बंद झाला. १९१६मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ औंध संस्थानाच्या हद्दीत काचकारखाना सुरू केला. किर्लोस्करवाडीला जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा इथेही आधार होता. ओगल्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर. तेच नाव कंदिलाला मिळालं आणि महाराष्ट्राच्या घराघरांत गेलं.

हे सगळं वाचून मी ओगलेवाडीला गेले. कराडचं रेल्वे स्टेशन कराड शहरात नाही, ते इथे आहे. मागे सदाशिवगड, समोर पुणे-मिरज लोहमार्ग. काचेला वाळू लागते, सोडा लागतो, आणि भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवायला कोळसा लागतो. यातलं पुष्कळसं लांबून यायचं, आणि तयार माल पेंढ्यात बांधून लांब जायचा. रुळाशेजारी उभं राहिलं की कारखाना इथेच का, हे वेगळं सांगावं लागत नाही. पुढे खेड्यापाड्यांत वीज पोचली, कंदिलाची मागणी आटली आणि कारखाना बंद पडला. गावाचं नाव तेवढं राहिलं.

मावशीच्या घराच्या कागदांत तळेगाव नाही, ओगलेवाडी नाही. परसात मात्र परदेशी काचेपासून देशी काचेपर्यंतचा सगळा काळ एकावर एक पडलेला आहे. स्वदेशीची चळवळ सभांत आणि अग्रलेखांत झाली, तशी ती रोज संध्याकाळी काच पुसणाऱ्या पोरांच्या हातांतही झाली.

जेसीबी येण्याआधी

सातारा, वाई, पुणे, नाशिक, सगळीकडे जुनी घरं पडत आहेत. त्यात कुणाला दोष देता येत नाही. गळकं छप्पर आणि वाढती माणसं यांचा प्रश्न खरा आहे. कोरीव खांब आणि दारं विकत घेणारे मिळतात. परसाची माती मात्र जेसीबी एका दुपारी भरतो आणि ती कुठल्या तरी खड्ड्यात भरावाला जाते. उकिरडा, मोरी, धुण्याचा दगड एकत्र कालवले जातात. काच त्यानंतरही शिल्लक राहते, पण ती कुणाच्या हातून, कुठे पडली हे कायमचं जातं. तुकड्याचं मोल त्याच्या जागेत आहे. दगडापाशी सापडली म्हणून बांगडी बोलते. डब्यात सुटी पडली तर ती नुसती काच.

मराठवाड्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जे केलं ते आठवतं. गावाच्या पांढरीत, पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तू ते वर्षानुवर्षं जपत गेले. मणी, मूर्ती, खापरं असा तो संग्रह आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे आणि सातवाहनकालीन तेरचा अभ्यास त्याच्याशिवाय होत नाही. ते गावातले व्यापारी होते. लोक ओलांडून जात होते त्या वस्तू त्यांनी उचलल्या.

परसातल्या काचेसाठी लागतं ते फार थोडं. जाड हातमोजे, चाळणी, कागदावर परसाचा हाताने काढलेला नकाशा. तोंड, बूड आणि अक्षरांचे तुकडे वेगळे ठेवायचे, पिशवीवर जागा आणि खोली लिहायची, आणि घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला शेजारी बसवायचं. तिच्याशिवाय घुशीचं बीळ आणि काचापाणी कळायचं नाही. किल्ल्यांवर आणि संरक्षित जागी मात्र कुदळ लावायची नाही. तिथे सापडलेलं तिथेच राहू द्यावं.

घर पाडायच्या करारात जुनं लाकूड कुणाचं, दगड कुणाचा, विटा कुणाच्या हे आपण बारकाईने लिहून घेतो. त्यात आणखी एक कलम घालावं: परसातली माती उचलण्याआधी ती चाळायला घरच्यांना आठ दिवस मिळतील. मावशीने ते तिच्या करारात घालून घेतलं, आणि बिल्डरने एक शब्दही न बोलता सही केली.